शकुंतलाकाकूंचा फूटपाथ

शकुंतलाकाकू आमच्या दाराकडं येताना दिसल्या की मी आधी माझा कचऱ्याचा डबा कुठं आहे ते बघायची. खोटं नाही सांगत, साऱ्या गल्लीची तीच गत. बाई एरवी गरीब गाय, पण फूटपाथवर डबा दिसला की तोंडाचा पट्टा सुरू. "शालूबाई, हा डबा तुमचा ना? उचला. आत्ता."

मला राग यायचा. उभा जन्म सांगलीत गेला माझा, आता डबा कुठं ठेवायचा ते ही बाई शिकवणार! पण त्यामागचं कारण ठाऊक होतं, म्हणून गप्प बसायची. म्हणजे, बऱ्यापैकी गप्प.

कारण म्हणजे अनंतराव, काकूंचे यजमान. हळदीच्या पेढीवर हयात गेली त्यांची. काम सोडलं आणि काचबिंदूनं डोळे धरले. बाजूचं काहीच दिसेना, समोरचंही धुरकट. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. पेपर सुटला, सायकल सुटली, पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. संध्याकाळी काठी घेऊन एकट्यानं कोपऱ्यावरच्या मारुतीच्या कट्ट्यावर जायचं, दोस्तांत बसायचं आणि अंधार पडता पडता घरी यायचं. काकू बरोबर निघाल्या की दारातच अडून बसायचे. "मला काय कुकुलं बाळ समजलीस?"

त्यांचा मुलगा सुमंत पुण्याला. दर रविवारी त्याचा फोन आमच्याकडं यायचा, कारण तेव्हा, ब्याण्णव-त्र्याण्णव साली, आमच्या रांगेत फोन आमचाच. त्यानं आईला बजावून ठेवलं होतं, "बाबा एकदा जरी पडले ना, तर दोघांनाही इकडं घेऊन येणार. मग मी काही ऐकणार नाही." पुण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली ही रहदारी. तिथं गेले की अनंतरावांचं एकट्यानं फिरणं संपलंच. काकूंचा जीव टांगणीला लागलेला असायचा तो एवढ्यासाठी. ते बाहेर पडले की हिचे हात कामात आणि कान रस्त्यावर.

आता डब्यांचं ऐका. दिवेलागणीच्या आत केर घराबाहेर गेलाच पाहिजे, ही आमच्याकडची रीत. नगरपालिकेची गाडी येणार सकाळी. म्हणजे तिन्हीसांजेला जो तो फूटपाथवर डबा ठेवून मोकळा, आणि अनंतरावांची परत यायची वेळ नेमकी तीच. डबे चुकवायला खाली उतरावं तर अंगावर उसाचे ट्रॅक्टर.

काकू नगरपालिकेत तक्रार करून आल्या. तिथला माणूस येऊन सगळ्यांना समज देऊन गेला. चार दिवस बरं चाललं, की पुन्हा डबे बाहेर. शेजारचा लालासाहेब, गिरणीवाला, त्यानं तर हातच जोडले. "आवं काकू, दिवा लागल्यावर केर घरात ठिवू व्हय? लक्ष्मी जायची की!" काकूंच्याही घरात तेच चालायचं.

शेवटी त्यांनीच तोड काढली. डबा बाहेरच ठेवायचा, पण खाली नाही, खिडकीच्या गजाला अडकवायचा. तारेचे आकडे करून स्वतः घरोघर वाटले. लालासाहेब कुरकुरला, पण अडकवला बिचाऱ्यानं. पावसाळा संपेपर्यंत फूटपाथ असा मोकळा झाला की अनंतराव काठी नुसती हातात धरून चालायला लागले. काकूंना दोन घास गोड लागायला लागले.

आणि मग मार्गशीर्षातला तो गुरुवार आला. काकूंकडं पूजा. केळीची पानं, पत्री, नारळाच्या शेंड्या, डबा नुसता गच्च. दिवेलागण होत आली तसा त्यांनी तो ओढत बाहेर आणला. आकड्याला वजन पेलेना. आधी दिवा लावते, मग थोडा रिकामा करून अडकवते, असं म्हणून दारासमोर ठेवला आणि आत गेल्या.

मी आवाज ऐकला तो पत्र्याचा. मग माणसाचा. धावले, तर अनंतराव फूटपाथवर आडवे, अंगावर केळीची पानं, उजवं मनगट भलतीकडंच वळलेलं. गल्ली गोळा झाली आणि जो तो आधी आपल्या खिडकीकडं बोट दाखवायला लागला. "माझा न्हाई, माझा वर हाय." "आमचा पण वरच आहे, बघा." लालासाहेब तर तापलाच. "कुणाचा डबा ह्यो? काकू, नाव सांगा, बघतोच त्येच्याकडं!"

काकू दारात उभ्या होत्या. हातात काडेपेटी.

"माझा आहे," त्या म्हणाल्या.

लालासाहेबानं पुढं होऊन अनंतरावांना उचललं.

हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून घरी आले आणि अनंतरावांनी पहिलं काय सांगावं? "सुमंतला कळवायचं नाही." सगळी गल्ली तयार. लालासाहेब म्हणाला, "काकू, आमी कायबी बघितल्यालं न्हाई. त्यो आला तर पाय घसरला म्हणून सांगू." ज्यांना काकू उठता बसता टाकून बोलल्या, तीच माणसं त्यांच्या बाजूनं उभी राहिली.

रविवारी फोन वाजला. काकू आल्या. मी खुणेनं सांगितलं, सगळं बरं आहे म्हणा. त्यांनी मान हलवली. जरा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाबा पडले रे. मनगट मोडलंय. तू ये, आणि घेऊन जा आम्हाला."

फोन ठेवल्यावर मी चिडलेच. "अहो, सगळे गप्प बसायला तयार, आणि तुम्हीच सांगून मोकळ्या! आता कोण ठेवणार होतं तिथं डबा?"

"मीच," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा असता तर भांडले असते हो, शालूबाई. पुन्हा दारोदार फिरले असते. आता मला माझाच भरवसा नाही."

घरी जाऊन अनंतरावांना अजून सांगायचं होतं. काकूंना जागचं उठवेना.

"थोडा वेळ बसू का इथं?" त्यांनी विचारलं.

बसा म्हटलं.