बेताने हसा

“हसा, पण बेताने. फार हसलात तर पुढचा हापसा यायचा नाही.”

कॅमेऱ्यामागून हे म्हणणारे भाऊ स्वतः मात्र कधी हसत नसत. दुष्काळाची वर्षं होती. परदेशातली एक मोठी कंपनी धुळ्याच्या आसपासच्या गावांना हापसे दान देत होती आणि देवपूरच्या आमच्या संस्थेने ते बसवायचे होते. प्रत्येक हापशाचा फोटो कंपनीला धाडायचा. त्यात पाणी दिसलं पाहिजे, माणसं दिसली पाहिजेत, आणि कंपनीच्या नावाची पाटी तर वाचताच आली पाहिजे. भाऊंचं काम एवढंच. मी पत्रं टाइप करायचो.

पण पाटीचं हे बायकांना कोण सांगणार? पाणी आलं की त्या हळदकुंकू वाहायच्या ते नेमकं त्या पाटीवरच. मग भाऊ रुमाल ओला करून पाटी पुसायचे आणि पुटपुटायचे, “माफ कर, माय.” त्यांचे सगळे रुमाल पिवळे झाले होते. खानावळीत लोक चिडवायचे, “भाऊ, रोज कोणाच्या हळदीला जाता?” भाऊ रुमाल खिशात कोंबून जेवू लागत. बायको लग्नानंतर दोनच वर्षांत गेली होती. एका खोलीत एकटे राहत. रविवारीसुद्धा कॅमेरा पुसायला कचेरीत यायचे. तेव्हा मला हसू यायचं, आज वाईट वाटतं.

एका गावात हापसा मारणाऱ्या म्हाताऱ्या अक्काने विचारलं, “भाऊ, आमना फोटू आमले कवय भेटी?” तिचा जन्मात एकही फोटो निघाला नव्हता.

“आणून देतो,” भाऊ बोलून गेले.

बोलले आणि अडकले. फोटो, निगेटिव्ह, सगळं कंपनीचं, असा नियम. गुपचूप एक प्रत काढा म्हटलं, तर म्हणाले, “दुसऱ्याच्या दानातलं आपण कसं ठेवायचं?” शेवटी माझ्याकडून कंपनीला पत्र लिहवून घेतलं आणि रोज पोस्टमनची वाट पाहू लागले. शब्द दिला होता ना!

आठ महिन्यांनी आलं ते कंपनीचं कॅलेंडर. एका पानावर अक्काच्या गावचाच हापसा! पाणी झकास, पाटी चकचकीत. फक्त वर कंपनीचं नाव छापायला जागा हवी म्हणून अक्काचा चेहरा कापलेला. दांड्यावरचे दोन हात तेवढे उरले होते.

“आता कोणत्या तोंडाने देऊ?” म्हणत भाऊ नुसते बसून राहिले. मीच त्यांना ओढत एस.टी.त बसवलं.

अक्काने पान जवळ धरून पाहिलं. “हात मनाच शेतस,” ती स्वतःच्या हातांकडे पाहत म्हणाली. मग तिचं बोट खाली सरकलं. हापशाच्या पायाशी एक सावली पडली होती, टोपी घातलेली, कॅमेरा धरल्यासारखी कोपरं वर केलेली. “आनि हाई तुमनी सावली शे ना, भाऊ?”

भाऊ हसले. बेताने नाही, चांगले मोकळे हसले. मी ते एकदाच पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. शोकसभेत हार घालायला फोटो हवा होता. गावोगावच्या माणसांचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा एकही फोटो सापडेना. त्यांची सावली असलेलं ते पान मागायला मी अक्काकडे गेलो.

पान भिंतीवर लावलेलं होतं. फोटोतली कंपनीची पाटी स्वच्छ होती. हळदकुंकू खाली, त्या सावलीवर वाहिलं होतं.

“भाऊ नही उनात का?” अक्काने दाराकडे पाहत विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. पान मागितलं नाही. हापशाचं पाणी प्यालो आणि परत आलो.