पडद्याला घातलेली शाल

कुठलीही खुर्ची दिसली की समोरच्या घरातली पोर आधी ती उलटी करायची. बाजारात कोंबडी घेताना उलटी धरून बघतात, तशी. चारही पाय तपासून झाले की खुर्ची सरळ ठेवायची आणि बसून जरा डुलून बघायची. "खुर्ची हलता," असा निकाल लागला की संपलं, दुसरी आणा. कोणी म्हणालं, "आटप गो बाय," तर मान वर न करता म्हणायची, "तुका घाई आसा तर तू जा."

तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. मी तिच्याहून वर्षाने मोठी. अकलेचं विचारू नका.

मालवणात आमची घरं समोरासमोर, मध्ये एक पाणंद. तिचा मामा मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या गाण्यांना चेलो वाजवायचा. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. इतका थोरला, की त्याला खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांच्या मध्ये उभा धरावा लागतो. मामाची बोटं आखडली, तसा तो वाद्य घेऊन बहिणीकडे आला आणि भाचीला शिकवू लागला. वाद्य घरात येताना मी खिडकीतून पाहिलं आणि आईला सांगितलं, "समोर लहान मुलाचं कपाट आणलंय."

चेलोच्या बुडाला लोखंडी टोक असतं, ते जमिनीत रुतवून वाजवायचं. त्यांच्या ओटीची शेणाची जमीन रोज भोकं पडून चाळणी व्हायला लागली. तिची मांय बोंबलू लागली, तेव्हा हिने करवंटी घेतली, तिच्या डोळ्यात ते टोक बसवलं आणि करवंटी सुंभाने खुर्चीच्या पायाला बांधून टाकली. म्हणून तर खुर्चीची एवढी पारख! मुंबईतल्या वाद्यवादनाच्या स्पर्धेतही ती करवंटी आणि सुंभ घेऊनच गेली होती. पावसाळ्यात दमट हवेने सांधे सुटू नयेत म्हणून चेलो चुलीवरच्या माळ्यावर घोंगडीत गुंडाळलेला असायचा, शेजारी सुकवलेली सुंगटं, म्हणजे कोलंबी, आणि सुके बांगडे. स्पर्धेत एक परीक्षक मध्येच वाकून हुंगायला लागले आणि काही जळतंय का म्हणाले. ही म्हणाली, "नाही सर, सुंगटं." आणि पुढचं वाजवायला लागली.

पहिलं बक्षीस तिला मिळालं. मोठमोठ्या घरची, शिकवण्या लावलेली मुलं मागे राहिली.

मीही तेव्हा संगीतातली होते बरं का. माझ्याकडे पेटी होती आणि अडीच गाणी येत होती. भाता मारताना माझं तोंडही त्याच्याबरोबर उघडायचं आणि मिटायचं. एकदा मी तिच्याकडे गेले आणि मोठ्या उदारपणे म्हटलं, "मी तुला साथ करीन." पूर्ण एक गाणं तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पेटी बरी आसा." माझ्याबद्दल एक शब्द नाही. मी मात्र आठवडाभर ते कौतुक म्हणून मिरवलं.

मग ती वाजवायला बसली. मी बाकड्यावर होते. आवाज आधी कानात आलाच नाही, बाकड्याच्या फळीतून वर चढला आणि पोटात शिरला. मांय चुलीपाशी मासे कापत होती, तिचे हात थांबले. त्या दिवसापासून मी पेटीला फडकं घातलं ते घातलंच.

बक्षिसाची बातमी आली आणि आमच्या गावाला एकदम आठवलं की ही पोर आपली आहे. सत्काराचं ठरलं. मुंबईच्या एका बाईंनी तिला शिकवायचं कबूल केलं होतं. सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी बोटीने ती निघणार होती, आणि परत कधी ते माहीत नव्हतं. तिला फार काही नको होतं. एकदा आपल्या माणसांसमोर वाजवायचं होतं, एवढंच. "इगर्जीत कोपऱ्यात बसतंय, थंय कोणाक दिसणा नाय," मला म्हणाली. इगर्जी म्हणजे चर्च, रविवारी तिथे ती प्रार्थनेला साथ करायची. "बाजारातल्यांनी एकदा तरी आयकूक व्हया."

आणि इथून माझा राग सुरू होतो. इतकी वर्षं झाली, नातवंडं झाली, तो उतरलेला नाही.

सत्कार समितीचे तात्या दोघाचौघांना घेऊन तिच्या घरी आले. ह्या तात्यांची ओळख करून द्यायला हवी. जत्रेत दशावतार असला की तात्या राणी व्हायचे. मिशी उतरवून, लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळून असे मुरडायचे की आमच्या काकवा म्हणायच्या, चालावं तर तात्यांसारखं. तर हे तात्या ओटीवर बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "वाजवूक हरकत नाय. पण चेडवान चार माणसांत असा बसूचा? बरा दिसता?"

असा म्हणजे मुलीच्या जातीने गुडघे फाकवून. मांयने घाबरून दोन लुगडी जोडून घोळदार घागरा शिवायची तयारी दाखवली. तात्या नाही म्हणाले. मग त्यांनी स्वतःच तोडगा काढला. सत्कार पडद्याच्या पुढे आणि वाजवणं पडद्याच्या मागे. सूर काय, पडद्यातूनही येतो.

मामा शांतपणे म्हणाला, "तात्यानू, तुमी लुगडा नेसान राणी होतास, ता चलता. आणि ह्या चेडू चेडूच ऱ्हवला, ता चलत नाय?"

"ता देवाचा काम!"

"आणि इगर्जीत ह्या वाजयता, ता खयच्या सायबाचा काम?"

सायब म्हणजे त्यांचा देव. तात्या उठले, पण पडदा कायम राहिला. आमच्या घरीही तीच चर्चा. मी म्हटलं, "आणि तुम्ही सगळ्या आदोळीवर नारळ खवायला बसता, त्या कशा बसता?" आई म्हणाली, "गप ऱ्हव, तुका कोणी इचारल्यान?" कोणी विचारलं नव्हतं, हे खरंच. पण आदोळीच्या पाटावर मांडी टाकून बसलेल्या माझ्या आजीने खवणं थांबवलं, खाली पाहिलं, आणि लुगडं गुडघ्यावर ओढून घेतलं. मग आणखीच रागाने नारळ खवू लागली. तो राग कोणावर होता, मला अजून कळलेलं नाही.

सत्काराचा दिवस आला. शाळेच्या पटांगणभर माणसं. स्वागतगीत माझं, मीच रचलेलं. त्यात जागोजागी कोकिळा होती, आणि चेलोचा आवाज कोकिळेपेक्षा म्हशीला जवळचा, हे माझ्या गावीही नव्हतं. मी दोन वेण्या घालून, डोळे मिटून, वरच्या पट्टीत सुरुवात केली आणि तिथेच अडकले. लोकांनी टाळ्या वाजवून मला थांबवलं. मी वाकून नमस्कार केला. हसा, हसा. मीही हसते.

मग भाषणं. प्रत्येकाने तिला गावाची कन्या म्हटलं, एकानेही तिला वाजवताना ऐकलेलं नव्हतं. तात्यांनी शाल घातली, हातात नारळ दिला. मग हळूच हात करून म्हणाले, "आता मागे जा हां, बाय."

ती उठली. सवयीने खुर्ची उलटी करून बघितली. समोरचे लोक हसले. खुर्ची बरी होती बहुतेक, कारण तिने ती नीट ठेवली. मग तात्यांना विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बक्षीस कोणाक मिळाला? माका, काय पडद्याक?"

तात्यांनी हसून पुन्हा पडद्याकडे हात केला.

"मगे शाल पडद्याकच घाला." तिने खांद्यावरची शाल काढली, पडद्याच्या दोरीवर नीट घडी मोडून टाकली, खाली नारळ ठेवला. मामाने चेलो उचलला. दोघं पटांगणातून सरळ चालत गेली. कोणी अडवलं नाही. कोणी "थांब, आमच्यासमोर वाजव," असंही म्हणालं नाही. मीसुद्धा तोंड उघडलं नाही, आणि माझं तोंड तर कधी मिटत नसे.

पुढे तिने कुठे कुठे वाजवलं, परदेशातही गेली. मांय वारली तेव्हा आली होती, वाद्याशिवाय. आता आमच्याकडचे लोक पाहुण्यांना सांगतात, ती आमच्या मालवणची. मी विचारते, "तुम्ही ऐकलंय तिला?" मग विषय बदलतो.

त्या सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईची बोट लांब समुद्रात उभी होती. तिथवर होडीने जायचं. किनाऱ्यावर बाजार होता, मासळीच्या टोपल्या होत्या, आपली माणसं पोचवायला आलेली अर्धी वस्ती होती, आणि पुतण्याला पोचवायला तात्याही होते. लाट जोराची होती. होडीत वाद्य आडवं ठेवलं तर भिजणार, उभं ठेवलं तर पडणार. ती आडव्या फळीवर किनाऱ्याकडे तोंड करून बसली, गुडघे फाकवले, खोळीतला चेलो मध्ये घट्ट धरला आणि दोन्ही हातांनी त्याच्या मानेला मिठी मारली. सगळा गाव समोर उभा राहून बघत होता. तात्या वाळूकडे बघत होते.

होडी बोटीला लागेपर्यंत ती तशीच बसून होती. ऐकू येत होतं फक्त वल्ह्यांचं पाणी.