प्रभाग तीनचं पहिलं मतदान

तालुक्याच्या पालमहून एसटीनं अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात सिद्धम्मा पिठाची गिरणी चालवतात. नवरा वारल्यावर त्यांनीच ती सांभाळली, मुलगा शिवकांत त्यावरच शिकून परभणीत नोकरीला लागला.

गावात ग्रामपंचायतीची निवडणूक कधी झालीच नव्हती. देशमुखांच्या ओसरीवर बैठक बसायची, नावं ठरायची, सगळे बिनविरोध. आधी भगवानराव देशमुखांचे वडील ठरवायचे, नंतर स्वतः भगवानराव. या खेपेला प्रभाग तीनची जागा बाईसाठी राखीव निघाली, तेव्हा भगवानरावांनी सून राजेश्रीचं नाव पुढं केलं.

दोन दिवसांनी सिद्धम्मा शेजारच्या बायनाबाईला घेऊन पालमला गेल्या आणि त्याच जागेसाठी स्वतःचा अर्ज भरून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भगवानराव गिरणीवर हजर. सिद्धम्मांनी मोटर बंद केली.

"वैनी, अर्ज मागं घ्या. गावात उगं फूट कशाला?"

"फूट न्हाई, मालक. मुंबई-दिल्लीसाठी लय बार मत टाकलं. गावासाठी एकदाबी न्हाई. एकसष्ट वर्षं झाली मला."

"तुमी पडताल."

"पडंन की. पण लोकं मत तर टाकतील."

पुढचा आठवडाभर दळणं कमी आली. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी शिवकांतचा फोन आला, "माय, कशाला ताप करून घ्यायलीस?" सिद्धम्मा म्हणाल्या, "पालमची बस गेली, बाबा. आता ऱ्हाऊ दे." दिवसभर त्या गिरणीवरच होत्या.

निवडणूक लागली म्हणून राजेश्रीला घरोघर जावं लागलं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मागच्या गल्लीत ती पहिल्यांदाच गेली. बायनाबाईनं तिला कोरडा नळ दाखवला. राजेश्रीनं तो स्वतः फिरवून पाहिला.

मतदानाला शाळेपुढं रांग लागली. भगवानरावही रांगेत थांबले, बायनाबाईच्या मागं. आत सिद्धम्मांना बटण दाबायला इतका वेळ लागला की साहेबानं विचारलं, "आजी, दिसत न्हाई का?"

"दिसायलंय," त्या म्हणाल्या. "जरा थांबा."

राजेश्रीला एकशे एकेचाळीस मतं पडली, सिद्धम्मांना सत्त्याण्णव. ती सत्त्याण्णव माणसं कोण, याचा अंदाज बांधत सिद्धम्मा दोन दिवस मजेत होत्या. दळणंही परत यायला लागली.

महिन्याभरानं राजेश्री स्वतः गिरणीवर आली. "मावशी, ग्रामसभेला या. मागच्या गल्लीच्या पाइपलाइनचं ठरवायचंय."

त्या सभेत सिद्धम्मा आणि राजेश्री पाइप कुठून न्यायचा यावर तासभर वाद घालत होत्या, आणि सगळं गाव ऐकत होतं.