शेवटच्या बांधीतला सर्व्हर

आमच्या गावच्या तलावाचं पाणी कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, कधी जाईल, हे बाबा ठरवतात. त्या कामाला आमच्याकडे पाणकर म्हणतात. मी पुण्यातल्या एका क्लाउड कंपनीत आहे आणि भाड्याने दिलेल्या सर्व्हरांना नेटवर्क वाटून देते. गेल्या वर्षापासून हे काम आंबागड किल्ल्याच्या पायथ्याशी, आमच्याच घरच्या मधल्या खोलीत बसून करते. "पोरगी घरी बसून काय करते?" असं कुणी विचारलं की आई सांगते, "बापाचंच काम करते. फकत पाय नाही भरत चिखलात."

आईचं म्हणणं काही खोटं नाही. क्लाउडमध्ये एका मोठ्या मशीनवर बरेच आभासी सर्व्हर नांदतात. मालक वेगवेगळे, पण नेटवर्कची तार सगळ्यांत एकच. एकानं दांडगाई केली की बाकीचे कोरडे पडतात. म्हणून प्रत्येकाला आम्ही हमी देतो, की गर्दी कितीही होवो, एवढा वेग तुझाच. ही हमी पाळणारी व्यवस्था मी उभी केली होती आणि मला तिचा गर्व होता. अजूनही आहे. उगाच नम्र व्हायला मला जमत नाही.

गेल्या ऑक्टोबरात एका डॉक्टर बाईंची तक्रार आली. लहान गावांतल्या दवाखान्यांचे सर्व्हरही आमच्याच क्लाउडवर होते; तिथून सीटी स्कॅनची चित्रं त्यांच्या सर्व्हरवर यायची आणि त्या ती वाचून निदान कळवायच्या. रोज सकाळी दहा ते बाराच्या वेळात ही चित्रं वाटेतच अडकत होती. मी आलेख उघडले. सगळे हिरवेगार. चित्रं पाठवणाऱ्या प्रत्येक सर्व्हरला त्याचा कबूल केलेला वेग पुरेपूर मिळत होता. मी ठसक्यात उत्तर लिहिलं, आमच्याकडे सगळं ठीक आहे, तुमच्या बाजूला तपासून घ्या. अशी दोन उत्तरं पाठवली. तिसऱ्या वेळी त्यांनी फोनच केला. म्हणाल्या, "तुमचा आलेख हिरवा आहे, मान्य. पण माझा पेशंट तिकडे टेबलावर पडलाय."

ही गोष्ट आमच्या साहेबांपर्यंत गेली. ते मुळातच माझ्या गावाहून काम करण्यावर नाराज होते, त्यांना आयतं कोलीत मिळालं. "असलं काम खेड्यातून होत नाही," ते म्हणाले. "शुक्रवारपर्यंत सुटलं नाही, तर सोमवारी अकराला आपण बोलू आणि तू पुण्याला यायची बॅग भरायला घे." मला राग आला. पुण्यात मी सहा वर्षं काढली, ती काही वाईट नव्हती. पण मला इथं राहायचं होतं. आपल्या घरी राहायचं म्हणून कारणं द्यावी लागतात, याचाच जास्त राग आला.

बुधवारी सकाळी मी धुसफुसत बाबांच्या मागे तलावावर गेले. धान निसवायला आलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, पाऊस केव्हाच निघून गेला होता. बाबांनी तुडुमाचं, म्हणजे तलावाच्या मोरीचं, तोंड उघडलं, पाणी पाटाला लागलं. पण ते तिथे थांबले नाहीत, पाटाच्या कडेने चालू लागले. मी मागून डॉक्टर बाईंची, साहेबांची, साऱ्या जगाची तक्रार करत होते. शेवटच्या बांधीशी आलो, ती आमची. पाणकराची पाळी सगळ्यांच्या मागून, असा आमच्या गावचा जुना नियम आहे. स्वतःचं धान वाचवायचं, तर गावभरच्या बांध्या ओलांडून त्याला पाणी इथवर आणावंच लागतं. बाबा धुऱ्यावर, तिच्या मातीच्या बांधावर टेकले.

"तू कुठी मोजते?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"थे तुह्या नेटवर्कचं पानी. तुडुमावर मोजते का शेवटाले?"

"तुडुमावर," मी म्हटलं.

"मंग शेवटाले पोचलं, हे तुले कोनं सांगतलं?"

मला लाज वाटली. पाणकराच्या पोरीनं तुडुमावर बसून पाणी मोजावं! मी हमी दिली होती ती पाठवणाऱ्याच्या दारात. घेणाऱ्याच्या दारात काय होतं, ते मी पाहिलंच नव्हतं. घरी येऊन पाहिलं, तर डॉक्टर बाईंच्याच मशीनवर दुसरे दोन भाडेकरू होते, आणि ते रोज दहाच्या सुमाराला आपल्या साऱ्या शाखांचा डेटा एकदम ओढून घेत. आत येणारी तार तुंबायची आणि चित्रं रांगेत उभी राहायची. दोघांचंही काही चुकत नव्हतं. चूक माझी होती.

दोन दिवस मी खुर्ची सोडली नाही. हमी दोन्ही टोकांना बांधली. कुणाकडून किती पोचतंय हे घेणाऱ्या मशीननं मोजायचं आणि उलट कळवायचं. हमी असलेल्याला कमी पडत असेल, तर जादा पाठवणाऱ्यांना त्यांच्याच दारात आवरायचं. आणि ज्याला गरज नाही, त्याचा वाटा बाकीच्यांना वापरू द्यायचा, कारण पाणी अडवून ठेवणं हेही पाणकराचं काम नाही.

शुक्रवारी दुपारी साहेबांच्या आधी डॉक्टर बाईंना फोन केला. आधीच्या उत्तरांबद्दल माफी मागितली आणि विचारलं, "पोचली का?" त्या म्हणाल्या, "आज एकही अडकलं नाही." साहेब मात्र बधले नाहीत. एका दिवसानं काय सिद्ध होतं, सोमवारी बोलूच, म्हणाले.

मग मी आणखी एक काम केलं, न विचारता. माझा ऑफिसचा संगणकही आमच्याच क्लाउडवरचा एक आभासी सर्व्हर आहे; घरून मी त्याला जोडूनच सगळं काम करते. आम्ही इंजिनिअर मंडळी आपापले संगणक मोकळ्याढाकळ्या मशीनवर ठेवतो, कुणाला कळत नाही. मी माझा उचलला आणि डॉक्टर बाईंच्या त्या गजबजलेल्या मशीनवर नेऊन टाकला, सगळ्यांत लहान हमी देऊन.

सोमवारी अकराला साहेबांचा व्हिडिओ कॉल तिथूनच जोडला गेला. ऐन गर्दीची वेळ, दोन्ही भाडेकरूंची ओढाताण जोरात. अर्धा तास साहेब खोदून खोदून विचारत होते, मी उत्तरं देत होते. मग ते मधेच थांबले.

"आवाज, चित्र, एकदम स्वच्छ आहे. तू पुण्यात आलीस का?"

"नाही सर, गावातच आहे." मग माझा संगणक कुठल्या मशीनवर आहे तेही सांगितलं.

त्यांनी बाजूच्या पडद्यावर ते मशीन उघडून पाहिलं.

"मग तिथंच राहा," ते म्हणाले.

मी माईक बंद केला, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "बाबा, मले पुन्याले जा नाही लागत!"