कुंडीत पाणी कोण घालतं?

माझ्या सासूबाईंनी एकतीस वर्षं औषधाच्या बाटल्या तपासल्या. कारखान्यात त्यांच्या टेबलावर एक दिवा असायचा. त्याच्यासमोर बाटली धरायची, सावकाश फिरवायची, आणि काचेत बुडबुडा किंवा बुडाशी केसाएवढी भेग दिसली की डावीकडच्या पेटीत टाकायची. चांगली निघाली तर तिच्यावर पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण करायची आणि उजवीकडच्या पेटीत ठेवायची. त्या निवृत्त झाल्या तेव्हा दिवा कारखान्यातच राहिला, पण नजर घरी आली.

तेव्हापासून आमच्या घरात काहीही पहिल्या फटक्यात पास होत नाही. इस्त्रीहून आलेले कपडे नाहीत, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी नाही, आणि मी तर नाहीच. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि विचारलं, चष्मा लागला होता का, आधी कुणी बोललं नव्हतं. मला चष्मा नव्हता, आजही नाही. पण त्यांची खात्री अजून पटलेली नाही.

जगात एकच माणूस त्यांच्या उजवीकडच्या पेटीत होतं. कारखान्यात शेजारच्या टेबलावरची त्यांची मैत्रीण, आम्ही तिला मावशी म्हणतो. मावशी लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने परगावी निघाली तेव्हा आपलं सक्युलंट आमच्याकडे ठेवून गेली. जाड, फिकट हिरव्या पानांचं, कमळासारखं पसरलेलं झाड, मातीच्या कुंडीत. बारा वर्षांचं होतं. "तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देणार?" असं मावशी म्हणाली, आणि सासूबाई दोन दिवस ताठ मानेने घरात वावरल्या.

दोन महिने झाड बरं होतं. मग खालची पानं पिवळी पडली. नंतर ती काचेसारखी आरपार दिसू लागली, आत पाणी साठल्यासारखी, आणि नुसतं बोट लागलं तरी गळून पडू लागली. सासूबाईंनी एक पान चिमटीत दाबलं, ते फुटलं. "पाणी जास्त होतंय," त्या म्हणाल्या. निदान अगदी बरोबर होतं. त्या स्वतः दर रविवारी मोजून अर्धा कप घालत होत्या. त्यामुळे पुढचं वाक्य ठरलेलंच होतं. या घरात कुणीतरी चोरून पाणी घालतंय.

घरात माणसं तीन. एक त्या स्वतः. दुसरा त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा. तो सकाळी सातला बाहेर पडतो आणि त्याला घरात झाड आहे हेच माहीत नव्हतं. आता हे 'कुणीतरी' कोण, ते मोजायला काही गणित लागत नाही.

माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. घेतलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. त्या फक्त म्हणायच्या, "कुठंतरी पाणी मुरतंय," आणि माझ्या हातातल्या पेल्याकडे बघायच्या. स्वयंपाकघरातला पाण्याचा मग गायब झाला. पिण्याच्या बाटल्यांवर पेनाच्या रेघा आल्या. एका सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर टाल्कम पावडर पसरलेली होती आणि तिच्यात माझा पंजा छान उमटला, कारण खिडकी बंद करायचं काम माझंच असतं. सासूबाईंनी तो पंजा दुपारपर्यंत पुसू दिला नाही. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, तू मनावर घेऊ नकोस. तो कधीच काही मनावर घेत नाही, म्हणून सगळं माझ्या वाट्याला येतं.

शेवटी त्यांनी कुंडी उचलून आपल्या खोलीत कपाटावर ठेवली आणि दुपारी बाहेर जाताना खोलीला कुलूप लावू लागल्या. तरी झाड सुधारेना. उलट देठ लांबट होऊन झाड दाराकडे वाकलं. आता तरी मी सुटले असं मला वाटलं, कारण किल्ली त्यांच्या कनवटीला. पण त्या म्हणाल्या, आधीचं घातलेलं अजून आत असेल.

मग मावशीचा फोन आला, वीस तारखेला येते म्हणून. फोन ठेवून सासूबाई कॉटवर बसल्या. "तिला काय तोंड दाखवू मी?" म्हणाल्या. मला त्यांचा राग आलेलाच होता. तरी दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी गळलेली तीन पानं डब्यात घालून रोपवाटिकेत गेले.

तिथला माळी बोलायला तुसडा होता. त्याने पान दाबलं, वास घेतला, पाणी किती घालता विचारलं. मी अर्धा कप म्हटल्यावर त्यानेही माझ्याकडे संशयानेच पाहिलं. मला सवय होती. ऊन किती मिळतं, विचारलं. कपाटावर ठेवलंय म्हटल्यावर त्याने कपाळावर हात मारला. उजेड शोधायलाच ते लांबलंय, म्हणाला. मग त्याने विचारलं, घातलेलं पाणी जातं कुठे?

मी म्हटलं, कुंडीखाली ताटली आहे, पण ती नेहमी कोरडी ठणठणीत असते. सासूबाई ती ताटली प्रमाणपत्रासारखी दाखवायच्या, बघ, माझ्या हातून एक थेंब जास्त जात नाही.

"कोरडी असते?" तो म्हणाला. "मग घरी जाऊन आधी कुंडीचं बूड बघा."

घरी आले तेव्हा सासूबाई त्यांच्या खोलीत झोपल्या होत्या. मी स्टुलावर चढून कपाटावरची कुंडी काढली, बाहेरच्या खोलीत आणली, वर्तमानपत्र अंथरलं आणि आडवी केली. तळाशी मधोमध जिथे भोक असतं तिथे पांढऱ्या सिमेंटची टिकली होती. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, अगदी सफाईचं काम. आणि शेजारी पेन्सिलीने केलेली बरोबरची बारीक खूण.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार महिन्यांचं सगळं साठलेलं एकदम बोलून टाकायचं म्हणून मी कुंडी तशीच ठेवून त्यांच्या उठण्याची वाट बघत बसले. त्या उठल्या, आल्या, बघितलं. खाली बसल्या आणि त्या टिकलीवरून अंगठा फिरवला.

"गळत होती गं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी."

एकतीस वर्षं ज्या बाईने बुडातून गळणारी प्रत्येक वस्तू नापास केली, तिच्यासमोर बुडातून गळणारी कुंडी आली होती. तिने ती दुरुस्त करून पास केली होती. यात सांगण्यासारखं काही आहे असंही त्यांना वाटलं नव्हतं. मी भाषणं बाजूला ठेवली आणि सुरी आणायला उठले.

झाड बाहेर काढलं तर मुळं काळी आणि मऊ झाली होती. माळ्याने निघताना सांगितल्याप्रमाणे मी देठ धारदार सुरीने कापायला घेतला. सडकं संपून आतला भाग स्वच्छ दिसेपर्यंत कापायचं होतं. मला दोनदा वाटलं, झालं. दोन्ही वेळा सासूबाईंनी काप उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, अजून वर, ठिपका आहे. ठिपका होता. शेवटी लिंबाएवढा शेंडा उरला. तो सावलीत उघडाच ठेवला आणि काप सुकल्यावर भोक असलेल्या छोट्या कुंडीत, जाड वाळू जास्त आणि माती कमी असं भरून लावला. आठवडाभर पाणी बंद. जागा खिडकीची. नवरा म्हणाला, रोपवाटिकेतून तसलंच मोठं आणा, मावशीला काय कळणार? सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पेपर घेऊन आत गेला.

वीस तारखेला मावशी आली. लिंबाएवढं झाड बघून तिने विचारलं, फोनवर का नाही सांगितलंस?

"कोण पाणी घालतं ते सापडल्यावर सांगणार होते."

"मग सापडलं?"

"घरातलंच निघालं," सासूबाई म्हणाल्या. "मीच. आणि आळ हिच्यावर घेतला. चार महिने."

मला माफी वगैरे काही नको, असं मी मनाशी घोकत आले होते. हवी होती, ते तेव्हा कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

चहा पिता पिता मावशीने बुजवलेल्या भोकाची सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि ती उठली. कुंडी पिशवीत ठेवण्याआधी तिने ती वर उचलली, उलटी नाही पण तिरकी केली, आणि खालून बूड बघितलं. भोक दिसल्यावर पिशवीत ठेवली. सासूबाई समोरच उभ्या होत्या. त्या हसत होत्या, पण हात पदराच्या टोकाशी चाळा करत होते.

दार लावल्यावर त्या म्हणाल्या, "बरं केलं तिनं बघितलं. मीही बघितलं असतं."

मला मात्र मावशीचा असा राग आला की सांगता सोय नाही. आमच्या सासूबाईंवर संशय घ्यायचाच असेल तर तो मी घेईन. ही कोण?