त्रिकोणाचा सूर
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला दोहातला आमचा फ्लॅट आठवतो. तिथल्या आमच्या वसईकरांतले एक वकील भक्तिगीतांचं पुस्तक तयार करत होते. आम्हाला वाचायला सोपं जावं म्हणून त्यात प्रत्येक स्वराला चौकोन, त्रिकोण असा वेगळा आकार होता. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्सानंतर आम्ही झेरॉक्स काढलेली ताजी पानं घेऊन आमच्या फ्लॅटवर समोरासमोर बसून आधी नुसते स्वर, मग शब्द गायचो. वकील लाल पेन घेऊन पानांतल्या चुका शोधायचे. एकदा एका गीतात चौकोनाच्या जागी चुकून त्रिकोण पडला. आम्ही तोच गायलो, आणि इतकं गोड वाटलं की सगळे थबकलो. "पुन्हा म्हणा," वकील म्हणाले. पुन्हा तसंच गोड. त्यांनी पेन खिशात टाकलं. "खलास! सगळ्यांची संमती आहे. आता दुरुस्ती नाही." हल्ली वसईच्या चर्चमध्ये पोरं ते गीत म्हणताना तो सूर सुधारून, चौकोनाचा गातात. मी मात्र खणखणीत त्रिकोणच गाते.