शेवटचं रीळ

धुळ्यात एका गाजलेल्या जुन्या विज्ञानकादंबरीवरचा नवा सिनेमा लागला होता. शेजारचा अनोळखी माणूस मांडीवर तीच कादंबरी घेऊन बसलेला. सारखा माझ्याकडे वळे. मी दोनदा पाकीट चाचपलं.

मध्यंतरात तो म्हणाला, "भाऊ, वाचनालयाच्या प्रतीची शेवटची पानं फाटलीत. परग्रहावर गेलेला परत येतो का, तेवढं बघायला नरडाण्याहून आलो. तुम्ही वाचलीय?"

"म्हणजे काय!" मी ठोकून दिलं.

पुढच्या खेळाची गर्दी वाढली की टॉकीजवाले शेवटचं रीळ गाळत. तेच झालं. दिवे लागले, तो माझ्याकडेच बघत होता.

"येतो परत," मी म्हणालो.

त्यानं माझा चेहरा निरखला. "मरी गया व्हई बिचारा," असं अहिराणीत पुटपुटत तो उठला.

मी विकत आणलेली ती कादंबरी आता घरात आहे. शेवट वाचायचा धीर होत नाही.